दामाजीपंतांचे पत्र आणि साहेबांचे पत्र



वाचक माउली, मुरगूडच्या सप्ताहात ही सेवा झाली तेव्हा समोर बसलेली मंडळी हसत होती, मधेच गप्प होत होती. पुस्तकात ते उतरत नाही. म्हणून जिथे मी थांबलो तिथे तुम्हीही थोडे थांबा, एवढीच विनंती.

आजचे आख्यान दामाजीपंतांचे. मंगळवेढ्याचे पंत, बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळ पडला. लोक झाडपाला खायला लागले, दारात माणसे मरून पडायला लागली. कोठारात धान्य भरलेले, पण त्याला कुलूप सरकारचे. पंतांनी कुलूप काढले आणि सगळे धान्य वाटून टाकले. कायदा मोडला की नाही? मोडला! सरळ सरळ मोडला. तिकडे चहाडी गेली, शिपाई आले, पंतांना धरून बेदरला न्यायला निघाले. पंत काय म्हणाले? "वाटेत पंढरपूर लागेल, तेवढे दर्शन घेऊ द्या." बस्स! मी अमक्याचा तमका, माझी वरपर्यंत ओळख आहे, असले काही नाही. आणि इकडे पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, बेदरच्या दरबारात जाऊन धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला.

आता दुसरे पत्र ऐका. हे फार जुने नाही, आपण सगळ्यांनी पेपरात वाचलेले. 2020 सालचा एप्रिल. देश बंद. पंढरपूरचे मंदिर 17 मार्चपासून बंद, चैत्री वारी नाही, आमच्या आदमापुरात बाळूमामांच्या अमावास्येला कुणी फिरकायचे नाही. वेदगंगेच्या पलीकडच्या रानात वैरण आणायला गेलेला माणूस पोलिसाला बघून उसात लपायचा. अशा दिवसांत 8 एप्रिलला मुंबईत गृह खात्याचे एक मोठे अधिकारी, अमिताभ गुप्ता, यांनी सरकारी कागदावर पत्र दिले. कुणासाठी? वाधवान म्हणून मोठे धनिक, कपिल आणि धीरज, त्यांच्या मंडळींसाठी. माझे कौटुंबिक स्नेही आहेत, घरची अडचण आहे, खंडाळ्याहून महाबळेश्वरला जाऊ द्या. पाच गाड्या, तेवीस माणसे. बरोबर स्वयंपाकी सुद्धा! अडचणीच्या वेळी स्वयंपाकी लागतो हे मला तेव्हा कळले.

नाक्यानाक्यावर पत्र दाखवत गाड्या सातारा जिल्ह्यात आल्या. तिथल्या प्रशासनाने त्यांना धरले, पाचगणीत विलगीकरणात ठेवले, गुन्हा नोंदवला. गृहमंत्री अनिल देशमुख यांनी त्या अधिकाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवले. पुढे चौकशी झाली, ते परत रुजू झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. त्यांचा न्याय करायला मी कोण? पण माउली, तेव्हा आपल्या गावचा पोरगा पुण्याहून चालत आला तर त्याला वेशीवर अडवून शाळेत चौदा दिवस ठेवला होता. त्याच्या आईने कुंपणावरून भाकरी दिली. तिने ते पत्र पेपरात वाचले असेल तर तिला काय वाटले असेल?

आणि हे आपल्याकडेच असे नाही हं. विलायतेत तर पंतप्रधान बोरिस जॉन्सन, ज्याने स्वतः लोकांना घरात बसा म्हणून सांगितले, त्यालाच पुढे 2022 साली पोलिसांनी दंड केला. कशाबद्दल? जून 2020 मध्ये कचेरीत आपला वाढदिवस केला म्हणून. आपल्याकडे 23 फेब्रुवारी 2021 ला, मुख्यमंत्र्यांनी गर्दी टाळा म्हणून हात जोडून दोन दिवस होतात न होतात तोच, त्यांचेच वनमंत्री संजय राठोड पोहरादेवीला गेले आणि तिथे हजारोंची गर्दी. थोड्या दिवसांत तिथले महंतच बाधित निघाले.

आपली वारी आठवा. 2020 साली माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. लाखोंची वाट ती, वीस-वीस माणसांवर आली. वाखरीला रिंगण नाही, चंद्रभागेला स्नान नाही. 2021 ला पुन्हा एसटी. पायी वारीचा आग्रह धरणाऱ्या बंडातात्या कराडकरांना तर पोलिसांनी स्थानबद्ध केले. वारकऱ्याने सोसले. कुरकुरला, पण सोसले. म्हणून त्याला राग यायचा हक्क आहे असे मी कीर्तनात ठासून सांगायचो, आणि लोक टाळ्या वाजवायचे.

टाळ्या फार वाईट. माणसाला आपले काही आठवू देत नाहीत.

आता तपासणीचे ऐका. लोक तपासणीला का भ्यायचे? त्यालाही जुने कारण आहे. 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा रँड साहेबाने गोरे सोल्जर घराघरात घातले. देवघर बघितले नाही, स्वयंपाकघर बघितले नाही. पुढे जूनमध्ये चापेकरांनी त्याला गोळी घातली, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याच साली, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगचे पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवत होत्या, आणि 10 मार्चला त्याच रोगाने गेल्या. तपासणी करणारा हात कुणाचा, यावर सगळे असते बघा.

आमच्या दारात कोण आली? गोरा सोल्जर नव्हे. आमच्याच गल्लीतली आशाताई. डोक्यावर ऊन, हातात ते बोटाला लावायचे यंत्र आणि ताप मोजायची बंदूक. लोक काय म्हणायचे तिला? "मुद्दाम पॉझिटिव्ह काढत्यात, माणसामागं पैसे मिळत्यात." कुणी दार लावून घ्यायचे, कुणी कुत्रे सोडायचे. नाकात काडी घालतात ती मेंदूपर्यंत जाते, हे तर मला एका शिकलेल्या माणसाने सांगितले. कोगनोळीच्या नाक्यावर कर्नाटकवाले तपासणीचा दाखला मागायला लागले. आमच्या भागातल्या कितीतरी लेकी निपाणीकडे दिलेल्या, बाळंतपणाला आई जाऊ शकेना. तेव्हा लोक आणखी चिडले.

मे 2021. मला दोन दिवस अंगात कणकण होती. घसा बसला होता. कीर्तनकाराचा घसा बसतोच, मी स्वतःला म्हणालो. सकाळी तापाची गोळी घेतली आणि तासाभराने आशाताई दारात. "बुवा, ताप-बिप?" म्हटले, "न्हाई गं बाई, पांडुरंगाची कृपा." तिने कपाळाला बंदूक धरली. आकडा चांगला आला. गोळीची कृपा! तिने वहीत लिहिले आणि पुढच्या दाराला गेली. चाचणी केली असती तर दाराला कागद लागला असता, गल्लीला दोरी लागली असती, आणि बुवाला झालाय म्हणून गाव बोलले असते. मला त्या कागदाची लाज वाटली.

संध्याकाळी मळ्यात एकाच्या तेराव्याला भजन होते. परवानगी नव्हतीच. एका ओळखीच्या साहेबाने फोनवर सांगितले, "बुवा, जावा तुम्ही, कोण अडवत न्हाई." बघा, माझ्यासाठीही पत्रच निघाले की नाही? कागदावर नव्हते एवढेच. दहा-बारा माणसे, एक बंद खोली, मधे मी, आणि माझ्या उजव्या हाताला माझे मृदंगमणी. बावीस वर्षे त्यांच्या थापेवर मी उभा राहिलो होतो.

आठव्या दिवशी त्यांना प्राणवायूवर ठेवले. एकोणिसाव्या दिवशी ते गेले. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेले. माळ दिसली नाही, बुक्का लावता आला नाही. बावीस वर्षे ज्याने मला समेवर आणून सोडले, त्याला मी वेशीपर्यंतही सोडू शकलो नाही.

माझ्यामुळे गेले का? कुणी म्हणत नाही. मी तरी कसे म्हणू? चाचणीच केली नाही तर कळणार कुठून? आणि ते आता कधीच कळणार नाही. दामाजीपंतांनी कुलूप मोडले ते उघड्यावर, दुसऱ्याच्या पोटासाठी, आणि शिपाई आले तेव्हा हात पुढे केले. मी मोडले ते लपून, माझ्या नावासाठी. मग त्या पाच गाड्यांवर मी कुठल्या तोंडाने हसलो?

2022 ला पायी वारी परत निघाली. मृदंगमणींचा मुलगा बापाचा मृदंग गळ्यात घालून माझ्या दिंडीत आला. एका मुक्कामावर, रात्री, तंबूबाहेर मी त्याला सगळे सांगितले. गोळी, बंदूक, साहेबांचा फोन. तो बराच वेळ शाई वाळल्याची बोटे चोळत बसला. मग म्हणाला,

"बुवा, बाबांनी बी त्या दिवशी दुपारी गोळी घेतली होती. आईला म्हणाले, ठेका चुकायचा न्हाई, बुवांना सांगू नको."

माउली, मला एकदम हलके वाटले. आणि हलके वाटले याची जी लाज वाटली, ती अजून आहे. मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. पहाटे काकड्याला तो माझ्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला, आणि त्याने थाप मारली.