पिशवी काढण्याआधी

मी वाडीहून बोलतेय. बचत गटाचं काम करते, त्यामुळे गावोगावची कर्जाची रजिस्टरं माझ्या हाताखालून जातात. त्यात ‘आजारपण’ असं कारण लिहिलेलं असतं. खोलात विचारलं की बाई हळूच सांगते, “पिशवी काढायची आहे.”

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं 2019 साली पेपरात आलं होतं, आठवतं? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे मुकादमाकडून पैसे कापले जाणार. फडात ना संडास, ना पुरेसं पाणी. अशात पाळी आली, अंगावरून जायला लागलं, पोट दुखलं, तर करायचं काय? बाया पिशवीच काढून घेत होत्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 बायांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली.

त्या बायांनी सही केली होती ना, मग तक्रार कसली, असं काहीजण म्हणतात. मला हे पटत नाही. एका बाजूला खाडा, दुसऱ्या बाजूला कॅन्सरची भीती, अशा कोंडीत केलेल्या सहीला मी मर्जी म्हणणार नाही.

आपल्याकडे उसाचे फड नाहीत. पण आमच्या गटातल्या एका ताईने तिशीच्या आत ऑपरेशन केलं. आता कंबर धरते, अंगातून वाफा निघतात. ती म्हणाली, “मले कोणी जबरदस्ती नाही केली. मीच म्हटलं, काढून टाका. पण दुसरा काही इलाज असते, हे मले कोणी सांगतलंच नाही.”

तिला नावं ठेवू नका. पिशवी काढलेल्या कुठल्याच बाईला ठेवू नका. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, रक्तस्राव कशानेच थांबत नसेल, तर ऑपरेशन लागतं, आणि त्याने जीव वाचतो. पण नुसतं पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते. त्यावर औषधं आहेत. जास्त रक्त जात असेल तरी आधी गोळ्या असतात, पिशवीत बसवायचं औषधी साधन असतं.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा: मला नेमकं काय झालंय? आधी दुसरा कोणता इलाज करून बघता येईल? अंडाशय ठेवणार की तेही काढणार? हा शेवटचा प्रश्न फार बाया विचारत नाहीत. पाळी जायच्या वयाआधी दोन्ही अंडाशय काढले तर पाळी एकदम जाते, हाडं लवकर ठिसूळ होऊ शकतात. सोनोग्राफीचा रिपोर्ट आपल्याजवळ ठेवा आणि तो घेऊन डागाला किंवा मेडिकलला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. एका दिवसाची मजुरी बुडेल, हे मला माहीत आहे.

विनाकारण होणाऱ्या या ऑपरेशनांबद्दल केंद्र सरकारच्या सूचना आहेत. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. चाळिशीच्या आतल्या ऑपरेशनांची तपासणी व्हावी, असं त्यात आहे.

आणि गटातल्या अध्यक्ष-सचिव तायांनो, अशा कामासाठी कुणी कर्ज मागितलं तर अडवू नका. शरीर तिचं, ठरवणार तीच. फक्त एवढं विचारा, “दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का?” दाखवलं नसेल तर जाण्या-येण्याचं भाडं गटातून द्या, आणि एखादी बाई सोबत पाठवा.