चाकाचा हिशेब

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



ज्या देवाने आईवडिलांना प्रदक्षिणा घालून पृथ्वीप्रदक्षिणेची पैज जिंकली, त्याच्यासमोर उभे राहून किलोमीटर मोजण्याविषयी बोलायचे म्हणजे धाडसच आहे. पण कार्यवाह म्हणाले, "तुमच्या सायकलवरच्या त्या छोट्या यंत्राबद्दल सांगा," म्हणून उभा आहे.

बँकेच्या नोकरीनिमित्त चंदीगडला आलो आणि इथलाच झालो. बावन्नाव्या वर्षी रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास तरी घाम गाळा. मी सायकल काढली आणि महिनाभरात "रोज दहा किलोमीटर जातो" असे सगळ्यांना छातीठोकपणे सांगू लागलो. वाढदिवसाला मुलाने वायरलेस सायकल कॉम्प्युटर पाठवला. पहिल्याच दिवशी माझ्या दहाचे साडेसहा झाले!

या यंत्रात जादू काही नाही. पुढच्या चाकाच्या स्पोकला एक लोहचुंबक आणि चिमट्याला एक सेन्सर बसवायचा. चुंबक समोरून गेला की चाकाचा एक फेरा पूर्ण. सेन्सर ही बातमी वायरशिवाय हँडलवरच्या डबीला कळवतो. फेरे गुणिले चाकाचा घेर म्हणजे अंतर, आणि त्याला वेळेने भागले की वेग. म्हणजे घेर चुकला की सगळेच चुकले.

माझे तेच झाले होते. शेजारच्या सरदारजींबरोबर गेलो, तर त्यांच्या यंत्रावर दहा आणि माझ्यावर साडेदहा. यंत्रात २१५५ मिलिमीटर घेर भरलेला होता, माझे चाक निघाले २०५० चे. ते साडेसहासुद्धा फुगवलेलेच होते! घेर असा मोजा : टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खडूने खूण करा, सायकलवर बसून चाक बरोबर एक फेरा पुढे न्या, दुसरी खूण करा आणि मधले अंतर टेपने मोजा. आपल्या गावात पडताळाही सोपा आहे. ल कार्बुझिएने सेक्टर साधारण १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद आखले. अशा सेक्टरला एक चक्कर म्हणजे चार किलोमीटरच्या आसपास. यंत्र फारच वेगळे सांगत असेल तर घेर तपासा. साध्या वायरलेस यंत्राचा सेन्सर डबीपासून हात-दीड हातापेक्षा लांब नको. उच्च दाबाच्या विजेच्या तारांखाली किंवा शेजारी दुसरे तसेच यंत्र असेल तर आकडे भरकटू शकतात. जानेवारीच्या थंडीत बॅटरी मंदावते, तेव्हा यंत्र बिघडले असे समजू नका.

आता बिघडलो तो मी. यंत्र सरासरी वेग दाखवते. सोळा झाला, सतरा झाला, मग अठराचा ध्यास लागला. एका धुक्याच्या सकाळी सुखना तलावाकडे जाताना सरासरी १७.८ होती. मान खाली, डोळे डबीवर. समोर फिरायला निघालेले एक आजोबा आले. त्यांना चुकवताना मी रस्त्यावर आपटलो. देवाची कृपा, त्यांना खरचटलेही नाही. माझे मनगट मोडले. त्यांनीच मला हात देऊन उठवले आणि विचारले, "पुत्तर, कित्थे पहुंचणा सी?" मला उत्तर देता आले नाही. सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये त्याच प्रश्नाचा विचार करत होतो. त्या आजोबांना धक्का लागला असता तर ती १८ मी कोणाला दाखवणार होतो?

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ब्रेव्हेमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवावे लागतात. तिथे वेगाचा हिशेब हवाच. आपल्याला साखर आटोक्यात ठेवायची आहे.

आता मी सायकल थांबवल्यावरच यंत्र पाहतो, आणि तेही दोनच आकडे : चालवलेला वेळ आणि एकूण अंतर. रविवारी ते वहीत उतरवतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बोलता येते पण गाता येत नाही, इतका दम लागला की वेग पुरेसा. कॅलरीच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. साध्या यंत्राला आपले वजनही ठाऊक नसते आणि समोरचा वाराही. त्या भरवशावर एक मोदक जास्त खाल्लात, तर यंत्राला दोष देऊ नका! साखरेची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात काही गोड ठेवावे. छातीत दुखले तर तिथेच उतरावे.

माझी साखर आटोक्यात आहे. वहीत वेगाचा रकाना नाही. ते आजोबा अजून तलावावर भेटतात. मी लांबूनच घंटी वाजवतो, ते हात वर करतात.

उद्यापासून कोणी सोबत येणार असेल, तर सकाळी सहाला मंडळाच्या फाटकाशी भेटू.

गणपती बाप्पा मोरया!