अळंबीचा श्वास



मलप्रभेच्या उगमाजवळील या कणकुंबीत पावसाळ्यात वारुळांवरची अळंबी पानांत गुंडाळून घरी येई आणि त्याच दिवशी शिजे. आता लागवडीची अळंबी प्लास्टिकच्या पाकिटातून येते. त्या पाकिटाची छिद्रे दोष समजून मी पीएच.डी.धारकाने एकदा चिकटपट्टीने बुजविली!

खुडल्यावरही अळंबी श्वास घेते. पाकीट हवाबंद असल्यास आतील प्राणवायू संपतो. मग उबेत बोट्युलिनम जंतू विष निर्माण करू शकतो, हे १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. वरून अळंबी चांगलीच दिसू शकते. म्हणून छिद्रे मोकळी ठेवावीत, पाकीट शीतकपाटात ठेवावे आणि अळंबी आठवड्याच्या आत संपवावी. ‘त्याच दिवशी शिजवा’ म्हणणाऱ्या आजीचे शहाणपण माझ्या पदवीहून थोर होते.