पाळण्यातला हिशेब

आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकते, 'कुर्र' करते आणि नाव सांगते. जमलेल्या बाया हसतात. बारा दिवसांच्या जिवाला काय कळणार! नाव कळत नाही हे खरेच. पण त्याचे कान केव्हाच कामाला लागलेले असतात. पोटात असतानाच, शेवटच्या तीन महिन्यांत, त्याने आईचा आवाज ऐकलेला असतो.

आता पाहा, बोलताना आपण शब्दाशब्दाला थांबत नाही. मग एक शब्द कुठे संपला, हे बाळाला कोण सांगते? घरात दिवसभर चाललेले असते : बाळ उठलं, बाळ हसलं, बाळ रडतंय. 'बा'मागून 'ळ' वारंवार येतो. 'ळ'नंतर मात्र कधी 'उ', कधी 'ह', कधी 'र'. जे नेहमी जोडीने येते ते एक, हा हिशेब मेंदू आपोआप मांडतो.

१९९६ साली अमेरिकेत जेनी सॅफ्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या मुलांना निरर्थक अक्षरांची अखंड माळ ऐकवली, अवघी दोन मिनिटे. तेवढ्यात एकत्र येणारी अक्षरे मुलांनी हेरली. २००८ साली इटलीत दोन-तीन दिवसांच्या बाळांना 'मुबाबा' आणि 'मुबागे' अशा धर्तीचे शब्द ऐकवले, तेव्हा अक्षर दुणावलेल्या शब्दांना त्यांच्या मेंदूने वेगळा प्रतिसाद दिला. आपले काका, मामा, दादा याच घडणीचे नाहीत का?

म्हणून निवडताना, टिपताना बाळाशी बोलत राहा. पण आवाज आत पोचला, तरच हिशेब होणार. जन्मतः ऐकू न येणारे बाळही रडते, हसते. घरच्यांच्या ध्यानात येत नाही. 'याचा बापही उशिराच बोलला होता' म्हणत दोन वर्षे जातात आणि शिकण्याचे मोलाचे दिवस हातचे निसटतात. थाळी वाजवल्यावर दचकले, एवढ्यावर विसंबू नये. बाळ झोपलेले असताना यंत्राने कान काही मिनिटांत तपासता येतो. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाही धरलेला आहे. आशाताईंना विचारा, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात विचारा. गुरुजी, बाई, गाव तुमचा शब्द मानते. तुम्हीही हे सांगा.

आत्याने नाव खुशाल सांगावे. ते ऐकू गेले का, एवढे मात्र आपण वेळेवर पाहावे.