वायफायचीही सोसायटी करू या
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांत पाण्याची टाकी, लिफ्ट, गणपती, सगळं आपण मिळून चालवलं. इंटरनेट मात्र ज्याचं त्याचं. एकेका मजल्यावर चार-चार राउटर, आणि गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये काहीच नाही. करोनात शाळा मोबाईलवर भरत होती तेव्हा आपली मुलं घरात शिकली. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी जिन्यात रेंज शोधत बसायची. कुणी तिला पासवर्ड दिला, कुणी नाही दिला.

न देणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता. चौकशीचा ससेमिरा त्या घरच्या माणसामागे लागला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर बिनपासवर्डचं वायफाय म्हणजे सही केलेला कोरा चेक!

पण आता रीतसर मार्ग आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. किराणा दुकानदार, चहावाला, कुणीही ‘पब्लिक डेटा ऑफिस’ चालवू शकतो. आपला जुना पीसीओ आठवा, तसंच. त्याला लायसन्स लागत नाही, सरकारी नोंदणी नाही, फी नाही. वापरणाऱ्याची ओळख ॲपवर आधी पटवली जाते. म्हणजे आमचं केवायसीच म्हणा. वापराचा हिशेब ‘ॲग्रिगेटर’ कंपनी ठेवते.

लोकांनी मिळून जाळं उभारणं नवीन नाही. स्पेनच्या कॅटलोनियात २००४ पासून ‘गुइफी’ नावाचं जाळं लोकांनीच आपापल्या छपरांवर अँटेना लावून वाढवलं. इकडे पवईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पातून पालघरच्या गावांत बिनतारी इंटरनेट पोहोचवलं. २०१७ साली त्याला मोझिलाचं पारितोषिक मिळालं. बोरिवलीहून पालघर लोकलच्या अंतरावर आहे. तिथे जमलं, ते आपल्या गेटवर का जमू नये?

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. गेटवर एक आणि हॉलमध्ये एक राउटर बसवावा. वॉचमन, सफाई कामगार, घरकामाला येणाऱ्या बाया आणि त्यांची मुलं यांना मोफत. इतरांना माफक दर. खर्चाचं खातं वेगळं ठेवावं, वर्षभर चालवून पाहावं आणि मग आकडे समोर ठेवून पुढचं ठरवावं.

सूचक मी आहेच. अनुमोदक तुमच्यातून हवा.