सोमवारच्या बैठकीची यादी

नांदेड-लातूरकडच्या कितीतरी गटांत आता वहीच्या जोडीला मोबाइलमधलं शीट आलंय. हिशोब लिहिणारी ताई त्यात नोंदी भरते आणि आठवड्याच्या बैठकीआधी फिल्टर लावून थकलेल्या हप्त्यांची यादी काढते. त्या यादीत नाव वाचलं गेलं की बाई चार जणींत खाली मान घालते. पैसे भरूनही नाव आलं, तर ती पुढच्या बैठकीला येईल का? आज त्या यादीबद्दलच बोलू.

फिल्टर म्हणजे चाळणी. आपण सांगू तेवढ्या ओळी दिसतात, बाकीच्या झाकल्या जातात, पुसल्या जात नाहीत. पण जी ओळ लिहिलीच नाही ती चाळणी कुठून दाखवणार? बहुतेक जणी पैसे हातात आले की नोंद करतात. मग जिनं हप्ता दिला नाही, तिची ओळच नसते. म्हणून कर्ज दिलं त्याच दिवशी सगळ्या हप्त्यांच्या ओळी लिहून टाका. बारा हप्ते, बारा ओळी. प्रत्येकीत सभासद क्रमांक, नाव, ठरलेली तारीख, ठरलेली रक्कम. जमा तारीख आणि जमा रक्कम हे रकाने तेव्हा रिकामे ठेवा. शेवटचा रकाना बाकीचा, म्हणजे ठरलेल्या रकमेतून जमा वजा.

तारखा दोन कशाला? समजा, हप्ता सोमवारी १ डिसेंबरला आहे. सभासद ऊसतोडीला गेलीय, तिनं रविवारीच मोबाइलवरून पैसे पाठवले. एकच तारीख असेल तर तिचा हप्ता मागच्या आठवड्यात जातो आणि या आठवड्यात ती थकीत दिसते. दोन तारखा असल्या की तसं होत नाही.

आता फिल्टर लावताना फक्त या आठवड्याच्या तारखा निवडू नका. तसं केलं तर मागच्या सोमवारी थकलेली बाई यादीतून गायब होते. ठरलेली तारीख आजची किंवा आजच्या आधीची, आणि बाकी शून्यापेक्षा जास्त, असं दोन्ही लावा. सोयाबीन बाजारात जाईस्तोवर कुणाच्या हातात पैसा नसतो, तेव्हा ही यादी लांबते. ती लांबलेली दिसलीच पाहिजे, नाहीतर गट मुदत वाढवून देणार कशी?

टायपिंगची कटकट निराळी. एकदा 'सुनीता', एकदा 'सुनिता' लिहिलं तर शीटच्या लेखी त्या दोन बाया. आणि गावात खरोखर दोन सुनीता असतील तर? म्हणून नावापेक्षा सभासद क्रमांकावर भरवसा ठेवा. रक्कम इंग्रजी आकड्यांत भरा. मराठी आकडे किंवा आकड्यापुढं 'रु.' लिहिलं तर बहुतेक वेळा शीट त्याला अक्षर समजतं आणि बेरजेत धरत नाही. शीटची सेटिंग अमेरिकेची राहिली असेल, तर १/१२ ची १२ जानेवारी होते. सेटिंगमध्ये भारत निवडा. मधे कोरी ओळही सोडू नका, फिल्टर तिथंच थांबू शकतो. आणखी एक, साधी बेरीज झाकलेल्या ओळीही मोजते. दिसणाऱ्या ओळींचीच बेरीज हवी असेल तर सबटोटल हे सूत्र वापरा.

उमेदच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्याबरोबर नियमित नोंदी आहेतच. सह्यांची वही मोबाइल आला म्हणून बंद करायची नाही.

यादी आदल्या दिवशी काढा आणि जिचं नाव आलं तिला आधी फोन करा. "ताई, तुमचा हप्ता दिसत नाही, पासबुक बघता का?" एवढंच विचारा. ती म्हणाली भरलाय, तर वही काढून मेळ घाला, मगच बैठकीत नाव घ्या. अख्खं शीट व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकू नका, कुणाचं किती कर्ज हे गावभर कशाला? आणि त्या दिवशीच्या यादीची प्रत तारीख घालून वेगळी ठेवा. पुढच्या आठवड्यात हप्ते भरले की शीट बदलतं, मागच्या सोमवारी काय दिसत होतं ते मग त्यात सहज सापडत नाही.