गच्चीवर सौर पॅनेल, तरी घरात अंधार?

2024मध्ये गच्चीवरच्या सौर पॅनेलसाठी अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना आली आणि छत्रपती संभाजीनगरातही सिडको, गारखेड्यासारख्या वस्त्यांत गच्च्यांवर पॅनेल दिसू लागले. पण महावितरणची वीज गेली की भर उन्हातही घर बंद पडतं, ही तक्रार नेहमीची. हा बिघाड नव्हे. ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर वीज जाताच स्वतःहून थांबतो, नाहीतर पॅनेलची वीज लाइनमध्ये जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावरही घर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी.

बॅटरी आहे, तरी लगेच उतरते? आधी इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार पाहा. ट्युब्युलर (लेड-अ‍ॅसिड) बॅटरीला लिथियमचं सेटिंग राहिलं, तर चार्जिंग चुकतं. मग हिशेब करा. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 1800 वॅट-तास. ट्युब्युलरमधले निम्मेच वापरावेत. दोन पंखे, तीन दिवे चार तास आरामात चालतील, गिझर मात्र मुळीच लावू नका.

वायरिंगमधली एक चूक फार सतावते: बॅकअपचा न्यूट्रल घराच्या मुख्य न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो आणि आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) सारखा ट्रिप होतो. दोन्ही वेगळे हवेत.

आणि आपल्याकडचा मे महिना! पत्र्याखाली ठेवलेल्या बॅटरीचं आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटतं. ती सावलीत, हवेशीर जागी ठेवा. ट्युब्युलर बॅटरीत पाणी फक्त डिस्टिल्डच घाला. वायरिंगला मात्र स्वतः हात लावू नका, परवानाधारक वायरमनलाच बोलवा.